शेड्यूलिंगचा अ‍ॅड-इन रुसतो तेव्हा: बडोद्याच्या नव्या प्लॅनर मंडळींसाठी

बडोद्यात प्लॅनिंगच्या कामाला तोटा नाही. कोयलीची रिफायनरी आहे, मकरपुऱ्याची जीआयडीसी औद्योगिक वसाहत आहे, बुलेट ट्रेनचं काम आहे आणि या सगळ्यांची ड्रॉइंगं नि शेड्यूलं सांभाळणारी ईपीसी, म्हणजे डिझाइन-खरेदी-बांधकाम एकहाती करणाऱ्या कंपन्यांची, ऑफिसं आहेत. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी घरांतली बरीच मुलं-मुली कलाभवनातून इंजिनिअरिंग करून थेट प्लॅनिंग सेलमध्ये जाऊन बसतात. तिथं शेड्यूल बनवायचं मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट (पुढे नुसतं ‘प्रोजेक्ट’) हाती येतं आणि त्याच्या सोबत येतात अ‍ॅड-इन, म्हणजे त्याला जोडायचे छोटे जादा प्रोग्राम: कुणी विकत घेतलेला, कुणी ऑफिसातल्याच माणसानं लिहिलेला. कुणाचं काम एक्सेलमधून प्रोग्रेस उचलायचं, कुणाचं क्लायंटच्या साच्यात रिपोर्ट काढायचं, कुणाचं शेड्यूलमधल्या तुटक्या लिंका शोधायचं.

हे अ‍ॅड-इन सोमवारच्या रिव्ह्यू मीटिंगच्या आधीच नेमके बंद पडतात. मग नवा माणूस घाबरून प्रोजेक्टच काढून पुन्हा टाकतो. त्याची गरज क्वचितच असते. बिघाड कुठे आहे हे आधी ओळखता आलं, तर निम्म्याहून जास्त वेळा आयटीवाल्यांना फोनही करावा लागत नाही. पुढची माहिती विंडोजवरच्या डेस्कटॉप प्रोजेक्टसाठी आहे, म्हणजे २०१६ पासूनच्या आवृत्त्या आणि सबस्क्रिप्शनवाली. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या ‘प्लॅनर’ या अ‍ॅपमध्ये हे जुन्या धाटणीचे अ‍ॅड-इन चालतच नाहीत, तिथं शोधत बसू नका.

आधी तीन प्रश्न

कशालाही हात लावण्यापूर्वी स्वतःला विचारा: अ‍ॅड-इन लोड झालाय का? लोड झालाय पण दिसत नाही का? की दिसतो, चालतो, पण उत्तर चुकीचं देतो? या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. नवी माणसं पहिल्या दोन प्रश्नांना घाबरतात, कारण तिथं लाल खूण किंवा संदेश दिसतो. माझ्या मते खरी भीती तिसऱ्याची बाळगावी. तिथं कुठलाच संदेश येत नाही आणि चुकीची तारीख थेट क्लायंटच्या टेबलावर जाते. म्हणून या लेखात तिसऱ्या प्रश्नाला सगळ्यात जास्त जागा दिली आहे.

आणखी एक गोष्ट आधीच करून ठेवा. चालू प्रोजेक्टच्या फाइलवर प्रयोग करायचा नाही. फाइलची कॉपी घ्या, नावापुढे ‘टेस्ट’ लिहा, ती वेगळ्या फोल्डरात ठेवा. काय उघडझाप करायची ती तिच्यावर करा.

टॅब दिसत नाही

हे सगळ्यात सोपं. फाइल, ऑप्शन्स, कस्टमाइझ रिबन या वाटेनं जा. उजवीकडच्या यादीत अ‍ॅड-इनच्या टॅबचं नाव असेल आणि समोरची टिक निघालेली असेल, तर टिक लावा. काम संपलं. नाव यादीतच नसेल, तर अ‍ॅड-इन लोड झालेला नाही. पुढच्या भागाकडे वळा.

लोड होत नाही

फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅड-इन्स. इथं चालू, बंद आणि प्रोजेक्टनं स्वतःहून बाद केलेल्या अ‍ॅड-इनच्या याद्या वेगवेगळ्या दिसतात. खाली मॅनेज असं लिहिलेल्या चौकटीत ‘कॉम अ‍ॅड-इन्स’ निवडून गो दाबा. उघडणाऱ्या छोट्या खिडकीत प्रत्येक अ‍ॅड-इनसमोर टिकची चौकट असते. एकावर क्लिक केलंत की तळाशी दोन ओळी दिसतात: फाइल कुठे आहे आणि लोड बिहेवियर काय आहे. या दुसऱ्या ओळीकडे नवी माणसं बघतच नाहीत, आणि उत्तर बहुतेकदा तिथंच असतं. ‘लोड अ‍ॅट स्टार्टअप’ लिहिलं असेल तर ठीक. ‘नॉट लोडेड’ आणि पुढे रनटाइम एररचा उल्लेख असेल, तर अ‍ॅड-इन उठायला गेला आणि पडला.

याच खिडकीत रिमूव्ह नावाचं बटण आहे, त्याला हात लावू नका. तात्पुरतं बंद करायचं तर फक्त टिक काढा. रिमूव्हनं अ‍ॅड-इनची नोंदच जाते आणि मग तो पुन्हा इन्स्टॉल करावा लागतो. टिक काढताना किंवा लावताना ‘लोकल मशीन’चा उल्लेख असलेला संदेश आला, तर तो अ‍ॅड-इन सगळ्या युजरांसाठी टाकलेला आहे आणि तुमच्या साध्या लॉगिनला तो बदलायचा हक्क नाही. तिथं आयटीला सांगण्यावाचून इलाज नाही.

अ‍ॅड-इनमुळे प्रोजेक्ट आधी कधी कोसळलं असेल, तर ते त्याला काळ्या यादीत टाकतं. मॅनेजच्या चौकटीत ‘डिसेबल्ड आयटम्स’ निवडा, नाव दिसलं तर एनेबल करा, प्रोजेक्ट बंद करून पुन्हा उघडा, आणि मग कॉम अ‍ॅड-इन्समध्ये टिक परत लावा. ही शेवटची टिक विसरल्यामुळे बरेच जण ‘एनेबल केलं तरी येत नाही’ म्हणत बसतात.

तरीही उठत नसेल, तर बिटांचा घोळ तपासा. फाइल, अकाउंट, अबाउट प्रोजेक्ट इथं वरच्या ओळीत ३२ बिट की ६४ बिट ते लिहिलेलं असतं. मायक्रोसॉफ्ट ऑफिस २०१९ पासून नेहमीच्या इन्स्टॉलमध्ये ६४ बिट येतं, त्याआधी ३२ येत असे. ऑफिसनं कॉम्प्युटर बदलले आणि जुना अ‍ॅड-इन नव्या मशीनवर उठेना, तर हा पहिला संशयित. ३२ बिटांसाठी बांधलेली डीएलएल (अ‍ॅड-इनचा कोड असलेली फाइल) ६४ बिटांच्या प्रोजेक्टमध्ये शिरत नाही, मग तुम्ही काहीही करा. बनवणाऱ्याकडून ६४ बिटांची आवृत्तीच मागावी लागते. डॉटनेटवर लिहिलेले बरेचसे अ‍ॅड-इन दोन्हीकडे चालतात, पण त्यांना मशीनवर डॉटनेट फ्रेमवर्क आणि व्हीएसटीओ रनटाइम (असे अ‍ॅड-इन चालवणारे मायक्रोसॉफ्टचे साहाय्यक प्रोग्राम) लागतं. व्हीएसटीओसाठी ‘कंट्रोल पॅनेल’मधल्या प्रोग्रामांच्या यादीत ‘टूल्स फॉर ऑफिस रनटाइम’ शोधा. नसेल तर ते टाकून घ्या.

व्हीएसटीओवाले अ‍ॅड-इन पडताना कारण सांगत नाहीत, ही त्यांची खोड. ते बोलते करता येतात. विंडोजच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये एक नवं नाव घाला: व्हीएसटीओ, मग अंडरस्कोर, मग सप्रेस, डिस्प्ले आणि अलर्ट्स हे तीन शब्द मधे जागा न सोडता, सगळं कॅपिटल अक्षरांत. किंमत ० द्या. प्रोजेक्ट पुन्हा उघडलंत की जे आतापर्यंत गिळलं जात होतं ते पडद्यावर येईल: अमुक फाइल सापडली नाही, तमुक सर्टिफिकेटवर भरवसा नाही. मजकुराचा फोटो घेऊन ठेवा. काम झाल्यावर व्हेरिएबल काढून टाका.

सर्टिफिकेटची तक्रार असेल तर ऑप्शन्समधल्या ट्रस्ट सेंटरमधली अ‍ॅड-इन्सची पानं बघा. ‘फक्त विश्वासू प्रकाशकाचेच अ‍ॅड-इन’ अशा अर्थाची टिक आयटीनं लावलेली असते. ती सुरक्षेसाठी आहे; स्वतः काढू नका, प्रकाशकाला यादीत घालायला सांगा. मेलवरून किंवा नेटवरून आलेल्या इन्स्टॉलरच्या प्रॉपर्टीजमध्ये तळाशी ‘अनब्लॉक’ची चौकट दिसते का तेही बघा. फाइल ओळखीच्या ठिकाणाहून आली आहे याची खात्री असेल तरच टिक लावून मग इन्स्टॉल करा.

दोन अ‍ॅड-इन एकमेकांत भांडत असतील तर ओळखायची रीत सरळ आहे. सगळ्यांच्या टिक काढा, एकेक लावा, दर वेळी प्रोजेक्ट बंद करून उघडा. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय मला माहीत असलेला एकही बरा नाही. प्रोजेक्ट पूर्णच कोसळत असेल तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, अ‍ॅप्लिकेशन लॉगमध्ये, कोसळल्याच्या वेळेची लाल नोंद उघडा. ‘फॉल्टिंग मॉड्यूल’पुढे ज्या डीएलएलचं नाव असेल तिच्याकडे आधी बघायचं.

उजवीकडे पट्टीत उघडणारे, स्टोअरमधून आलेले अ‍ॅड-इन मात्र वेगळ्या जातीचे. ते खरं तर वेबपानं असतात. इंटरनेट किंवा ऑफिसचा प्रॉक्सी (नेटवरची ये-जा तपासणारा सर्व्हर) आडवा आला की पट्टी पांढरी राहते. नेट ठीक असूनही पांढरी राहत असेल, तर प्रोजेक्ट बंद करून लोकल अ‍ॅपडेटामधल्या मायक्रोसॉफ्ट, त्यातल्या ऑफिस, त्यातल्या १६.० आणि त्यातल्या वेफ या फोल्डरातला मजकूर पुसा. तो फक्त साठवलेला कॅश असतो, पुन्हा तयार होतो.

मायक्रोसॉफ्ट ऑफिसची दुरुस्ती करणारं क्विक रिपेअर हा शेवटचा उपाय, आणि ऑनलाइन रिपेअर त्याच्याही नंतरचा.

मॅक्रो मधेच अडकतो

कित्येक ऑफिसांत अ‍ॅड-इन म्हणून जे मिरवतं ते खरं तर ग्लोबल.एमपीटी या फाइलमध्ये ठेवलेलं मॅक्रो, म्हणजे एका दमात चालणाऱ्या आज्ञांची यादी, असतं. या फाइलमध्ये तुमचे व्ह्यू, टेबलं, फिल्टर आणि मॅक्रो राहतात. ती खराब झाली की प्रोजेक्ट उघडतानाच रडतं. प्रोजेक्ट बंद करून तिचं नाव बदललंत, तर पुढच्या वेळी नवी कोरी तयार होते. पण पुसू नका, नावच बदला. जुन्या फाइलमधले व्ह्यू आणि मॅक्रो नंतर फाइल, इन्फो, ऑर्गनायझर या वाटेनं परत आणायचे असतात.

मॅक्रो चालता चालता ‘रन-टाइम एरर ९१’ देऊन थांबलं, तर शेड्यूलमध्ये मोकळी ओळ आहे का बघा. सिव्हिल आणि मेकॅनिकल वेगळं दिसावं म्हणून आपण मधे रिकामी ओळ सोडतो. डोळ्यांना बरं वाटतं. पण मॅक्रोच्या लेखी त्या ओळीत टास्कच नसतं; त्यानं तिथं नाव किंवा तारीख मागितली की ते पडतं. ओळी काढून पुन्हा चालवून बघा. खरा इलाज मॅक्रो लिहिणाऱ्याकडे आहे: प्रत्येक टास्क आधी ‘आहे का’ असं तपासायची एक ओळ. एरर ११०० आली तर मॅक्रोला हवा तो व्ह्यू समोर नाही असं धरून चाला. गँट चार्टवर या, एखाद्या टास्कवर क्लिक करा आणि मग चालवा.

चालतो, पण आकडे चुकतात

इथं सावकाश वाचा.

पहिली जागा कालावधीची. प्रोजेक्ट आतमध्ये ड्युरेशन मिनिटांत ठेवतं. ८ तासांचा दिवस म्हणजे ४८० मिनिटं. अ‍ॅड-इन लिहिणाऱ्यानं ४८० हा आकडा कायमचा गृहीत धरला, आणि तुमच्या फाइलच्या शेड्यूल ऑप्शन्समध्ये दिवसाचे तास ९ आहेत, तर १० दिवसांचं टास्क आत ५४०० मिनिटांचं असतं. अ‍ॅड-इन त्याला ४८० नं भागून रिपोर्टात ११.२५ दिवस छापतो. शटडाउनच्या, म्हणजे प्लांट थांबवून करायच्या कामांच्या, शेड्यूलमध्ये तर हे फारच बोचतं. तिथं १२ तासांच्या शिफ्टा धरून दिवस १२ तासांचा ठेवला, तर २ दिवसांचं काम १४४० मिनिटांचं होतं आणि रिपोर्टात ३ दिवस म्हणून येतं. क्लायंटचा माणूस विचारतो, ‘एक दिवस कुठून वाढला?’, आणि आपण साइटवाल्यांना दोष देत बसतो. रिपोर्टातले सगळेच कालावधी एकाच पटीत फुगलेले किंवा आखडलेले दिसले की ओळखा, भागाकार चुकलाय.

दुसरी जागा कॅलेंडरची. प्रोजेक्टचं मूळ स्टँडर्ड कॅलेंडर सोमवार ते शुक्रवारचं आहे. आपल्याकडे साइट शनिवारीही चालते, म्हणून फाइलमध्ये सहा दिवसांचं कॅलेंडर केलेलं असतं, आणि सुट्ट्या अपवाद म्हणून घातलेल्या असतात. अ‍ॅड-इन जर कामाचे दिवस स्वतः मोजत असेल, तर त्याला यातलं काही कळत नाही. पडताळा संक्रांतीवर घ्या, म्हणजे इथल्या उत्तरायणावर. २०२६ मध्ये १४ जानेवारी बुधवारी आहे. १४ आणि १५ दोन्ही दिवस सुट्टी घातलेल्या कॅलेंडरवर १३ तारखेला सुरू होणारं २ दिवसांचं टास्क प्रोजेक्टमध्ये १६ ला संपतं. अ‍ॅड-इनच्या रिपोर्टात ते १४ ला संपताना दिसलं, तर त्याला तुमचं कॅलेंडर माहीत नाही. पतंग उडवायच्या दिवशी कुणी वेल्डिंग करत नाही, हे रिपोर्टाला आपणच सांगावं लागतं.

तिसरी जागा तारखांच्या लिखाणाची. साइटवरून आलेल्या एक्सेलमध्ये ०४/०५ लिहिलंय. लिहिणाऱ्याच्या मनात ४ मे आहे. विंडोजची रीजन सेटिंग अमेरिकेची असेल तर अ‍ॅड-इन ते ५ एप्रिल वाचतो आणि मुकाट्यानं पुढे जातो. १३ तारखेपासून पुढच्या तारखा मात्र अडकतात, कारण तेरावा महिना नसतो. म्हणून महिन्याच्या १ ते १२ मधल्या नोंदी बिनबोभाट चुकतात आणि पुढच्या अडतात, असं दृश्य दिसलं की दुसरीकडे शोधूच नका. विंडोजची रीजन इंग्लिश इंडिया ठेवा, आणि साइटवाल्यांना महिना अक्षरांत लिहायला सांगा: ०४-मे-२०२६. पन्नास खुलाशांपेक्षा ही एक सवय जास्त उपयोगी पडते.

चौथी जागा मोकळ्या खान्यांची, म्हणजे कस्टम फील्डांची. प्रोजेक्ट प्रत्येक टास्कला टेक्स्ट १ ते टेक्स्ट ३०, नंबर १ ते २०, फ्लॅग १ ते २०, डेट १ ते १० असे मोकळे खाने देतं. अ‍ॅड-इनही आपली नोंद यातल्याच एखाद्या खान्यात लिहितो. तुमच्या परचेसवाल्यानं टेक्स्ट ५ मध्ये पीओ (खरेदी ऑर्डर) नंबर ठेवले असतील, आणि अ‍ॅड-इनही टेक्स्ट ५ मध्येच आपला स्टेटस लिहित असेल, तर एका क्लिकवर सगळे पीओ नंबर पुसले जातात. संदेश येत नाही. म्हणून नवा अ‍ॅड-इन पहिल्यांदा चालवण्यापूर्वी त्याच्या माहितीपत्रकात तो कुठले खाने वापरतो ते बघा, आणि टेस्ट कॉपीत ते कॉलम उघडून त्यात आधीच काही आहे का ते पाहा. नाव न बदललेल्या खान्यातही मजकूर असू शकतो, नुसत्या कस्टम फील्डांच्या यादीवर विसंबू नका. खाना बदलायची सोय बरेच अ‍ॅड-इन देतात. नसेल तर आपला मजकूर दुसऱ्या खान्यात हलवा.

पाचवी जागा ओळखक्रमांकाची. डावीकडे दिसणारा आयडी हा फक्त ओळीचा क्रमांक आहे. वर एक ओळ घातली की खालच्या सगळ्यांचे आयडी बदलतात. एक्सेल आणि प्रोजेक्ट जोडणारा अ‍ॅड-इन आयडीवर चालत असेल, तर कालचा पायलिंगचा प्रोग्रेस आज केबल ट्रेसमोर बसतो. युनिक आयडी मात्र ओळ वरखाली झाली तरी तोच राहतो. म्हणून जोडणी नेहमी युनिक आयडीवर करा. फक्त कट-पेस्ट केलेल्या टास्कला नवा युनिक आयडी मिळतो, हे टीममधल्या सगळ्यांना सांगून ठेवा. आणि अनेक फाइली एकत्र जोडणाऱ्या मास्टर फाइलमध्ये सबप्रोजेक्ट घातलेत, तर तिथं त्यांच्या टास्कांचे युनिक आयडी ४१९४३०४ च्या पटीत वाढून दिसतात. एवढे मोठे आकडे बघून घाबरू नका. जोडणी मात्र मूळ फाइलवरच करा.

शेवटी कॅल्क्युलेशन. काही अ‍ॅड-इन वेगासाठी प्रोजेक्टचं आपोआप गणित बंद करतात आणि काम संपल्यावर पुन्हा चालू करतात. मधेच पडले तर ते बंदच राहतं. मग तुम्ही ड्युरेशन बदलता आणि पुढच्या तारखा हलत नाहीत. एफ ९ दाबून तारखा हलल्या तर हेच झालंय. ऑप्शन्समध्ये शेड्यूलच्या पानावर खाली जाऊन प्रत्येक बदलानंतर गणित चालू करा.

या सगळ्याचा पडताळा एका छोट्या फाइलनं होतो, आणि ती प्रत्येकानं स्वतः करून ठेवावी. एक समरी (गटाची मथळ्याची ओळ), तिच्याखाली एक १ दिवसाचं आणि एक १० दिवसांचं टास्क, एक माइलस्टोन (शून्य कालावधीचा टप्पा), २ दिवसांचं एक टास्क १३ जानेवारीला सुरू होणारं, दोन टास्कांमध्ये लॅग (मधलं अंतर) असलेली एक लिंक, मधे एक मोकळी ओळ, आणि टेक्स्टच्या प्रत्येक खान्यात काहीतरी लिहिलेलं एक टास्क. दिवसाचे तास ९ ठेवा, कॅलेंडर सहा दिवसांचं, १४-१५ जानेवारीची सुट्टी घातलेलं. उत्तरं हातानं कागदावर काढा. मग कुठलाही नवा अ‍ॅड-इन, किंवा जुन्याची नवी आवृत्ती, आधी या फाइलवर चालवा. मायक्रोसॉफ्ट ऑफिसचं अपडेट आल्यावरही एकदा चालवून बघा.

मदत मागताना

बनवणाऱ्याला नुसतं ‘चालत नाही’ लिहिलं तर उत्तरात दहा प्रश्न येतात. पहिल्याच मेलमध्ये द्या: प्रोजेक्टची आवृत्ती आणि बिल्ड, ३२ की ६४ बिट, विंडोजची आवृत्ती, अ‍ॅड-इनची आवृत्ती, संदेशाचा फोटो, शेवटी कधी नीट चालला होता आणि त्यानंतर काय बदललं, आणि दुसऱ्या युजरच्या लॉगिनवर तो चालतो का. हा शेवटचा मुद्दा फार कामाचा आहे. दुसऱ्याच्या लॉगिनवर चालत असेल, तर बिघाड तुमच्या प्रोफाइलमध्ये आहे आणि शोधाची जागा एकदम लहान होते.

फाइल पाठवायची वेळ आली तर चालू प्रोजेक्टची फाइल बाहेर पाठवू नका. त्यात व्हेंडरांची नावं, दर आणि क्लायंटच्या तारखा असतात. वरच्या छोट्या फाइलवर तोच दोष दाखवता आला तर ती पाठवा. नाहीच आला, तर कॉपीतून रिसोर्सची नावं आणि खर्च काढून, पाच-दहा टास्क ठेवून पाठवा, आणि साहेबांना विचारून पाठवा.

तुमच्या ऑफिसात ‘प्रोजेक्ट ऑनलाइन’ ही मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरची सेवा वापरात असेल, तर मायक्रोसॉफ्टनं ते ३० सप्टेंबर २०२६ ला बंद करायचं जाहीर केलं आहे. डेस्कटॉप प्रोजेक्ट त्यानंतरही राहणार आहे, पण तुमचा अ‍ॅड-इन ऑनलाइनच्या सर्व्हरवरून टाइमशीट किंवा रिसोर्स उचलत असेल तर तो भाग थांबेल. तो डेटा कुठून घेतो हे बनवणाऱ्याला आत्ताच लिहून विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.